पंख्याच्या तोंडाची फळी

साडू हे नातं देवानं नुसतं जळण्यासाठी केलंय, असं करावे गावच्या बाळाराम तांडेलाचं पक्कं मत होतं. भावाशी वाटणीवरून भांडता येतं, शेजाऱ्याशी बांधावरून भांडता येतं. साडूशी भांडणार कशावरून? सासुरवाडीला जन्मभर एका पंगतीत बसायचं, आणि त्याच्या ताटात काय पडलं नि आपल्या ताटात काय, ते गपचूप बघत राहायचं. बरं, ह्या साडूला बाळारामानं स्वतःच आणून स्वतःच्या डोक्यावर बसवलं होतं. आता तक्रार करणार कुणाकडे!

त्याचं झालं असं. साल एकोणीसशे पासष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्याला तेव्हा कारखाने उगवायला लागले होते. असल्याच एका रसायनांच्या कंपनीत बाळाराम ड्रॉइंग ऑफिसात मशिनवर होता. मशिनवर! गावात सांगताना ह्या शब्दाच्या आधी तो जरा थांबायचा. गावची बाकीची माणसं कंपनीत पहाऱ्यावर नाहीतर माती उपसायला. बाळाराम एकटा सावलीत, फरशीवर, पायात बूट घालून.

मशिन होतं नकाशांच्या प्रती काढायचं. परदेशातून आलेलं. साहेब लोक पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर शाईनं नकाशा काढायचे. त्याच्याखाली पिवळा मसाला लावलेला कागद ठेवून दोन्ही एकदम मशिनच्या तोंडात सोडायचे. आत काचेचं जाडजूड नळकांडं, त्यात डोळे दिपवणारा दिवा. उजेड पडेल तिथला मसाला जळायचा, रेघांच्या सावलीतला तेवढा उरायचा. मग अमोनियाची वाफ लागली की पांढऱ्या कागदावर निळी रेघ उठायची. अमोनियाचा वास असा, की पाहुणा आला तर रडूनच बाहेर जायचा. बाळारामाला त्या वासाचाही अभिमान होता. सदरा धुतला तरी वास जाऊ नये, असं त्याला मनातून वाटायचं.

एक खोड मात्र मशिनला होती. दिवा तापतो म्हणून मागं पंखा बसवलेला. तो वारा आत ढकलून काच गार ठेवायचा. पण पंख्याला चाल एकच. हिवाळ्याच्या सकाळी तो इतका वारा घालायचा की दिवाच गारठायचा, मंद जळायचा, आणि कागद पांढरा यायच्याऐवजी धुण्याच्या निळीतून काढल्यासारखा यायचा. दुपारी कारखान्यातल्या मोठ्या मोटारी चालू झाल्या की विजेचा जोर उतरायचा, पंखा दमायचा, काच भाजायची आणि कागद करपून रेघा उडून जायच्या. दहा कागद घातले तर सहा कामाचे. बाळाराम म्हणायचा, "परदेशी हाय, लहरी हाय." दसऱ्याला नारळ फोडायचा, सकाळी उदबत्ती लावायचा, आणि चार कागद वाया गेले की मशिनच्या आईबापाचा उद्धार करायचा. ऑफिसचे हेडसाहेबही म्हणायचे, असंच असतं. सगळं सुखात चाललं होतं.

त्या दिवाळीला बाळारामाच्या बायकोची, पुतळाची, धाकटी बहीण मैना जासईहून आली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. तिचा नवरा धर्मा मिठागरात कामाला. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून त्याच्या पायांना अशा भेगा पडल्या होत्या की चालवत नव्हतं. पुतळानं रात्री बाळारामाच्या ताटात बोईट मासा वाढला, समोर बसली आणि म्हणाली, "तुमी मशिनवर हाव. साहेब तुमचा ऐकतंय."

झालं! बाळाराम फुगला. साहेब ऐकतो हे सिद्ध करायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं हेडसाहेबांना गळ घातली आणि आठवड्यात धर्मा कंपनीत लागला. अमोनियाचे कॅन उचलायला, कागदांची भेंडोळी आणायला. राहायला मैनेसकट बाळारामाच्याच पडवीत. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. पण ही म्हण बाळारामाला तेव्हा आठवली नाही. म्हणी वेळेवर कधी आठवतात!

पहिला महिना झकास गेला. बाळाराम मशिनसमोर उभा राहायचा आणि धर्माला शिकवायचा, "ह्ये बटन. ह्याला हात लावाचा नाय. ह्यो दांडा. ह्याला पन नाय." धर्मा हो म्हणायचा. उंच, काळा, सावकाश माणूस. बोलण्याआधी समोरच्याकडे बघून घ्यायचा. त्याची तऱ्हा म्हणजे एकच, तो कॅन रिकामे करून आला की मशिनच्या मागं, पंख्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा आणि हाताची पालथी बाजू वाऱ्यात धरायचा. कधी सकाळी, कधी दुपारी. बाळारामाला वाटलं, वेडा आहे. मिठागरात भाजला, आता वारा खातोय.

डिसेंबरात एका सकाळी धर्मा चहाच्या खोक्याची फळी घेऊन आला. सुताराकडून दोन पट्ट्या मागून आणल्या होत्या. पंख्याच्या तोंडावरची धुळीनं बुजलेली जाळी काढून दोन बाजूंना त्यानं त्या उभ्या ठोकल्या आणि त्यांच्या मधल्या खोबणीत फळी वरून सरकवली.

"ह्ये काय करतंस?" बाळाराम ओरडला.

"उघाडी, दादा," धर्मा म्हणाला.

आता उघाडी काय ते बाळारामाला सांगायला नको होतं. खाडीच्या बांधाला पाणी घ्यायचं-सोडायचं दार असतं, ती उघाडी. फळी वर ओढली की भरतीचं पाणी आत, खाली दाबली की बंद. मिठागरवाल्याचं सगळं पोट त्या फळीवर. पाणी जास्त आलं तर मीठ धरत नाही, कमी आलं तर मीठ काळं पडतं. करावे गावात अशा चार उघाड्या होत्या आणि बाळाराम लहानपणी त्यांच्यावर बसून खेकडे धरायचा. तीन वर्षं तो ह्या मशिनसमोर उभा होता, पण मशिनला उघाडी लावायची त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं, पण कुणाचं सोडा, त्याच्या आलं नव्हतं.

धर्मानं हात पालथा धरला, फळी खाली दाबली, थांबला, बोटभर वर घेतली. "आथा घाला कागद."

कागद बाहेर आला. पांढरा! बगळ्याच्या पिसासारखा पांढरा, आणि रेघ अशी निळी, की हेडसाहेबांनी चष्मा वर करून, खाली करून, दोनदा बघितली. "बाळाराम, हे आज काय केलंस?" त्यांनी विचारलं.

बाळारामानं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर 'साफसफाई केली साहेब' असं काहीतरी त्याच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात साहेबांना फळी दिसली, फळीवर हात ठेवून उभा असलेला धर्मा दिसला. साहेब चालत त्याच्याकडे गेले. बाळारामाकडे पाठ करून गेले. ती पाठ बाळारामाला जन्मभर विसरता आली नाही.

तिथून सुरुवात झाली. दहाचे दहा कागद कामाचे यायला लागले. कारखान्यातले इंजिनिअर उठून फळी बघायला यायचे. बाळाराम कागद घालायचा आणि धर्मा मागं उभा राहून फळी वर-खाली करायचा. लोक बघायचे ते मागं. वीज उतरली की पंख्याच्या आवाजावरून धर्माला कळायचं, साहेबांच्या खोलीतला दिवा मिणमिणायच्या आधी त्याचा हात फळीवर गेलेला असायचा. साहेब म्हणाले, "ह्याच्या हातात काटा आहे, काटा!" बाळारामानं हसून मान हलवली. घरी जाताना सायकलवर मागं बसलेला धर्मा त्याला दोन मणांनी जड वाटायला लागला.

अन्नावरची वासना उडाली त्याची. पुतळानं कोळंबीचं कालवण केलं, म्हणाला तिखट झालंय. दुसऱ्या दिवशी तेच, म्हणाला अळणी. ओट्यावर बसलं की पडवीतून धर्मा-मैनेचं बोलणं ऐकू यायचं. मैना मधेच हसायची. बाळारामाला वाटायचं, आपल्यालाच हसते. गावात नाक्यावर देवजीनं विचारलं, "तुझ्या साडवानं म्हने मशिनला उघाडी लावली?" देवजीचा काही वाईट हेतू नव्हता. पण बाळारामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, "मीच सांगितली त्याला." आणि सांगताना त्याचं त्यालाच इतकं वाईट वाटलं, की अर्धी विडी टाकून तो उठला.

आता खरी गोष्ट सांगतो. हे सगळं पोटात ठेवून माणूस जगतो, कितीतरी जगतात. पण जानेवारीत हेडसाहेबांनी बोलावून सांगितलं, की मशिनवर पर्मनंट ऑपरेटरची जागा मंजूर होणार. एकच. तोवर बाळाराम तीन वर्षं टेंपररीच होता. सहा महिन्यांनी एकदा कागदावर सही, पुन्हा सहा महिने. नवीन प्लँटच्या नकाशांचा संच फेब्रुवारीअखेर काढायचा होता, तेव्हा मुंबईच्या ऑफिसातून मॅनेजर स्वतः येणार, काम बघणार आणि नाव ठरवणार.

"तू आहेसच जुना," साहेब म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "बघू."

ह्या 'बघू'नं बाळारामाची झोप नेली. पर्मनंट म्हणजे काय, हे त्या काळात गावात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. कंपनीनं माणसावर शिक्का मारला, हा आमचा. तीन वर्षं तो त्या शिक्क्यासाठी वासात उभा होता. आणि आता एक मिठागरवाला येतो, खोक्याची फळी लावतो, आणि साहेब म्हणतात, बघू!

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बाळारामाला फळीवर खाचा दिसल्या. फळीच्या कडेला चार, एकाखाली एक, कोयत्याच्या टोकानं नीट कोरलेल्या. खोबणीच्या पट्टीत लाकडाची खुंटी बसवली होती. ज्या खाचेत खुंटी अडकवावी तिथं फळी थांबेल. पहिली खाच सकाळच्या गारव्याची, दुसरी दहाच्या पुढची, तिसरी दुपारी मोटारी चालू झाल्यावरची, चौथी ऐन उन्हाची.

"ह्ये कशाला?" त्यानं विचारलं.

"बरं पडतंय, दादा," धर्मा एवढंच म्हणाला आणि कॅन उचलायला गेला.

बरं पडतंय! बाळारामाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला सगळं लख्ख दिसलं. मॅनेजर येणार, धर्मा ऐटीत खाचा दाखवणार, साहेब म्हणणार, बघा, बिनशिकलेल्या माणसानं माप बसवलं! आणि शिक्का धर्मावर बसणार. वर पुतळा म्हणणार, मैनाचं नशीब.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेले. मशिनच्या खोलीची किल्ली बाळारामाकडे असायची. धर्माला त्यानं पुढं पाठवलं, "मी येतंय, तू हो पुढं." मग दार लावून घेतलं. ड्रॉइंग ऑफिसात चिकटवायला सरस असतो. सरसात लाकडाचा भुसा कालवून त्यानं चारही खाचा बुजवल्या, वर शाईचं बोट फिरवून रंग एक केला. पेन्सिली तासायच्या चाकूनं नव्या चार खाचा कोरल्या. एक दोन बोटं वर, एक तीन बोटं खाली, दोन मधेच. मुद्दाम काही धरबंद ठेवला नाही, म्हणजे कुणाला हिशोब लागायला नको. चाकू चालवताना तो चक्क गुणगुणत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं. सायकल दामटत तो घरी आला. पण पानावर बसला तर पुन्हा घास उतरेना.

"काय झालंय तुमाला?" पुतळा म्हणाली.

"पोट," बाळाराम म्हणाला. आणि ते खोटंही नव्हतं.

शनिवारी सकाळभर मशिन पुसून बंद ठेवलं होतं. बाराच्या सुमाराला मॅनेजर आले. बुटके, गोरे, हातात टोपी. अमोनियानं डोळे पुसत पुसत त्यांनी मशिनला एक फेरी मारली. मागं हेडसाहेब, त्यांच्या मागं चार इंजिनिअर. कारखान्यातल्या मोटारी नुकत्याच घुमायला लागल्या होत्या.

"हा धर्मा," हेडसाहेब म्हणाले. "ज्यानं फळीची युक्ती काढली. धर्मा, चालवून दाखव."

बाळारामानं श्वास रोखला. आता! आता खुंटी खाचेत जाईल, कागद सडका येईल, आणि ह्याची ऐट उतरेल.

धर्मा मशिनजवळ गेलाच नाही. त्यानं दोन्ही हात मागं बांधले आणि म्हणाला, "साहेब, मशिन दादांचं हाय. मला त्यांनी आनलं इकरं. मी हातानं वारा बघतो, मला खाचा नको. ह्या खाचा मी दादांसाठी केल्यात. मी असो नसो, दादांनी एकट्यानं चालवावं म्हणून. पर्मनंट त्यांना करा. दादा, आथा तिसरी लावा."

खोलीत सगळे बाळारामाकडे बघायला लागले. इतके दिवस ज्या नजरा पंख्यामागं जायच्या त्या सगळ्या आज त्याच्यावर आल्या. हेच तर हवं होतं त्याला!

बाळाराम पंख्यामागं गेला. त्यानं फळीकडे बघितलं. बुजवलेल्या खाचा इतक्या बेमालूम बुजल्या होत्या की त्याच्याच डोळ्याला दिसेनात. खरी तिसरी कुठं होती? दोन बोटं खाली की तीन? का वर? काल संध्याकाळी त्यानंच ते कुणाला कळू नये अशी तजवीज केली होती, आणि आता त्या 'कुणाला'मध्ये तो स्वतः आला होता. वाऱ्यात हात धरून बघावा, तर तीन वर्षांत त्यानं एकदाही धरला नव्हता.

"लाव," हेडसाहेब म्हणाले.

त्यानं खुंटी तिसऱ्या खाचेत अडकवली, कागद सोडला. कागद बाहेर आला तो निळा. रेघा कुठं, जमीन कुठं, काही कळेना. मॅनेजरांनी तो दोन बोटांत धरला. "हे काय?"

"गारठलाय दिवा," बाळाराम पुटपुटला, आणि फळी ओढून भलत्याच खाचेत घातली. दुसरा कागद करपून आला, वास खोलीभर. एक इंजिनिअर खोकला. तिसरा कागद बाळारामानं उचलला आणि तसाच खाली ठेवला.

तेव्हा धर्मा पुढं आला. त्यानं फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. सरस अजून पुरता वाळला नव्हता. काळा, चिकट भुसा त्याच्या नखात आला. त्यानं तो बघितला. मग बाळारामाकडे बघितलं, सावकाश, बोलण्याआधी बघायचा तसं. बाळारामाला वाटलं, जमीन दुभंगावी.

"चूक माझी, साहेब," धर्मा म्हणाला. "माप चुकला कोरताना."

त्यानं पालथा हात वाऱ्यात धरला, फळी सरकवली, खुंटीशिवाय हातानंच दाबून ठेवली. "घाला, दादा." कागद पांढरा आला, रेघ निळी आली. पण मॅनेजरांचं मन उतरलं होतं.

"हात आज आहे, उद्या नाही," ते म्हणाले. "चुकीच्या खुणा करणाऱ्या माणसाच्या हातात मी यंत्र देणार नाही. ह्याला सोमवारपासून गोदामात घाला. ऑपरेटर जुनाच राहू दे. शिकेल." आणि हेडसाहेबांना घेऊन ते चहाला गेले.

म्हणजे बघा. बाळारामाला हवं होतं ते सगळं मिळालं. शिक्का त्याचा, मशिन त्याचं, साडू गोदामात. खाडीतून बोईट उडून थेट तव्यात पडावं तसं.

जेवणाच्या सुट्टीत दोघं नेहमीसारखे शेडच्या सावलीला बसले. धर्मानं डबा उघडला. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. अर्धी भाकरी मोडून त्यानं बाळारामापुढं ठेवली.

बाळाराम वाट बघत होता. आता बोलेल. आता शिवी घालेल. निदान थुंकेल तरी. धर्मा जेवत होता.

"बोल की!" शेवटी बाळारामच ओरडला.

"काय बोलू?"

"मी केलं त्ये! मी बुजवल्या खाचा!"

"ठाव हाय," धर्मा म्हणाला. "नखात सरस आला माझ्या." घास गिळून तो म्हणाला, "पुतळाबाय मैनाला बोलत व्हती, तुमी दोन महिनं नीट जेवत नाय. मला वाटला मशिनची काळजी हाय तुमाला, म्हणून खाचा केल्या. मला गोदाम चालतंय, दादा. पाय बरे झाल्यात आथा."

आता तुम्ही म्हणाल, बाळारामाच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. नाही आलं. बाळारामाला राग आला. पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत राग आला. फळी ह्याची, हात ह्याचा, कौतुक ह्याचं. आणि आता चूक माझी, तीही ह्यानंच घ्यावी? माझं पापसुद्धा उचलून ह्यानं आपल्या डोक्यावर घ्यावं आणि त्यातही हाच मोठा ठरावा? मला म्हणून काही ठेवशील की नाही रे? ह्यापुढं रोज त्या मशिनसमोर उभं राहायचं, रोज ह्याचं देणं लागायचं, आणि हा आपला पडवीत बसून काही न बोलता जेवणार!

तो ताडकन उठला.

"कुठं चाललाव?" धर्मानं विचारलं.

"तू जेव!" बाळाराम खेकसला. "जागचा हललास तर बघ!"

आणि तो जवळजवळ पळतच सुटला, कारण त्याला भीती वाटली की हाही मागून येईल आणि दारात आपल्या आधी पोचेल. हेडसाहेबांच्या खोलीचं दार त्यानं न विचारता ढकललं. मॅनेजरांच्या हातातला कप बशीवर वाजला.

"खाचा मी बदलल्या," बाळाराम म्हणाला. "काल सांजच्याला. सरस घालून जुन्या बुजवल्या, पेन्सिलच्या चाकूनं नव्या केल्या. चाकू माझ्या खणात हाय. त्याची चूक नाय. त्याचं माप बरोबर व्हतं."

"का?" हेडसाहेबांनी विचारलं.

तो काहीही सांगू शकला असता. पण दोन महिन्यांत त्याला 'का' असं कुणी विचारलं नव्हतं. "जळलो, साहेब," तो म्हणाला. "दुसरं काय."

मॅनेजरांनी कप बाजूला सारला. मग जे व्हायचं तेच झालं. जागा धर्माला गेली. बाळारामाला काढूनच टाकायचं होतं, पण हेडसाहेब मधे पडले आणि तो कंपनीत राहिला. टेंपररी, कॅन उचलायला, भेंडोळी आणायला. किल्ली त्यानं त्याच दिवशी टेबलावर ठेवली. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा कारखानाभर बातमी पसरली होती.

संध्याकाळी धर्मा फाटकात सायकलजवळ उभा होता. दोघं बसले. तुर्भं मागं पडलं. मग मागून धर्मा काहीतरी म्हणाला, आणि बाळारामानं पायडल मारायचं थांबवलं. वाऱ्यानं नीट ऐकू आलं नव्हतं म्हणून त्यानं ते पुन्हा म्हणायला लावलं.

घरी आल्या आल्या त्यानं पुतळाला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. सरस, चाकू, निळा कागद, करपलेला कागद, साहेबांची खोली. काही गाळलं नाही. मधे एकदा पुतळानं कपाळावर हात मारला, आणि जागा गेली म्हटल्यावर पदरानं डोळे पुसले. तीन वर्षं तीही त्या शिक्क्याची वाट बघत होती.

"आनि तो?" शेवटी तिनं विचारलं. "तो काय बोलला तुमाला?"

बाळारामानं पडवीकडे बघितलं. आत मैना भांडी घासत होती.

"बोलला, 'दादा, साहेबांफुडं जाऊन असं बोलाला मला नसतं जमलं.'"

"असं बोलला?"

"दोनदा बोलला," बाळाराम म्हणाला. त्यानं बूट काढून कोपऱ्यात ठेवले, पाय धुतले आणि चुलीपुढं मांडी घालून बसला. "काय केलंस आज? वाढ. भूक लागली मला."